अण्णांची पट्टी

अण्णांच्या गळ्याचं ऑपरेशन पुण्याला झालं आणि आवाज तिथेच राहिला. दुष्काळाचं साल होतं. तिसगावात जो तो पाण्याबद्दल बोलत होता. आमच्या घरात कुणी फारसं बोलतच नव्हतं.

अण्णा माझे वडील. भजनी मंडळात त्यांना सगळे बुवा म्हणत. त्यांची पट्टी काळी चार. पेटीवरचा चौथा काळा सूर म्हणजे सा, एकतारी त्यावर लावायची आणि बाकीच्यांनी तिथवर पोचायचं. ज्याचा गळा पोचत नाही त्याने मुकाट्याने टाळ वाजवावेत, असा त्यांचा रोकडा न्याय होता. "पट्टी उतरली की मानूस उतरला," असं ते म्हणत.

आजारी पडण्याआधी ते एका अभंगाला नवी चाल लावत होते. पाच सुरांची, भूपातली. मध्यम आणि निषाद तिकडे फिरकतही नाहीत. अंगणात बसून गुणगुणत, पण मनासारखी झाल्याशिवाय मंडळाला द्यायची नाही हा हट्ट. चाल पुरी झाली आणि गळा गेला. मी ती तुकड्यातुकड्यांनी ऐकली होती, चुलीपुढे बसून. पण सलग कुणालाच येत नव्हती. आता ती त्यांच्याबरोबरच जाणार, हे आम्हाला कळत होतं, आणि त्यांना आमच्याहून जास्त.

पेटी त्यांना वाजवता येत नव्हती, मलाही नाही. मला येत होतं ते एकच वाद्य, ज्याचं नाव गावात कुणाला धड घेता येत नसे: बॅरिटोन युकुलेले. गिटारची धाकटी बहीण म्हणा, चार तारांची. मी नगरला मास्तरकी शिकत होते तेव्हा वसतिगृहातल्या परदेशी बाईंनी शिकवायला घेतलं आणि मायदेशी जाताना ते मलाच देऊन गेल्या. अण्णांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाले होते, "ह्यो डबा काय भजन म्हननार?" मला राग आला होता. खरं सांगायचं तर अजूनही येतो.

बाईंनी पाच सुरांची सरगम शिकवली होती. पेंटॅटॉनिक म्हणत तिला. "या पाचांत राहा, चूक होणारच नाही," असं त्यांचं म्हणणं. मी नुसती वर-खाली करत बसायची. त्या उन्हाळ्यात एकदा सहज तारा छेडल्या आणि ध्यानात आलं, वरून दुसरी तार सा धरली तर मोकळ्या चारही तारा भूपातल्याच आहेत. खालचा पंचम, सा, गंधार, धैवत. बोट लावायचं ते रिषभाला आणि वरच्या सुरांना.

तशीच उठून अण्णांसमोर जाऊन बसले. त्यांनी एकतारी मांडीवर घेतली. दोन्ही एकदम वाजली आणि दात आंबले. माझा सा त्यांच्याहून अर्धा सूर खाली होता, पांढरी पाचचा, म्हणजे पेटीवर काळी चारच्या लगेच डावीकडचा.

मी अर्थातच माझ्या तारा चढवायला घेतल्या. अण्णांना उतरा म्हणावं, हे आमच्या घरात कुणाच्या स्वप्नातही येत नसे. तारा जुन्या होत्या. धैवताची तार खाडकन तुटून माझ्या बोटांवर बसली. तसली तार नगरलाही मिळाली नसती.

आई दारातून बघत होती. म्हणाली, "बास कर गं. त्यांची पट्टी त्या डब्याला बी झेपत न्हाई."

मी रडले, चांगली हुंदके देऊन. अण्णा तुटक्या तारेकडे बघत राहिले. मग त्यांचा हात एकतारीच्या खुंटीवर गेला. हाताने खूण केली: तुझा सा वाजव. मी वाजवला. त्यांनी खुंटी पिळली. एकतारीचा सूर खाली आला, आणखी जरा खाली आला आणि माझ्या सुराला येऊन मिळाला. आई पदर तोंडाला लावून आत गेली.

मग आमची रीत बसली. मी सूर लावायचा. चालीतला असेल तर अण्णा एकतारी छेडणार, नसेल तर हात थांबणार. पाचांत चूक होत नाही हे बाईंचं म्हणणं साफ खोटं. सूर बरोबर असला पण त्यावर दम काढला नाही, तरी एकतारी गप्प. तुटलेल्या तारेचा धैवत मी शेजारच्या तारेवर वर सरकून घ्यायला शिकले. पावसाळा कोरडाच चालला होता तेव्हा एका सकाळी चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत गेली आणि एकतारी कुठेच थांबली नाही. अण्णांनी त्या डब्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

दिवाळीच्या आधी ते गेले. आमच्याकडे बुवा गेला की दहाव्याच्या भजनात मंडळ त्याची चाल म्हणतं, त्याच्याच पट्टीत. बायका त्या बैठकीत बसत नसत. मी तीन तारांचं वाद्य घेऊन पेटीशेजारी बसले आणि कुणी मला ऊठ म्हटलं नाही. चाल माझ्याशिवाय कुणाला येतच नव्हती.

पेटीवाल्या काकांनी काळी चार दाबली.

"पांढरी पाच धरा, काका," मी म्हणाले.

त्यांचं बोट तसंच राहिलं. "पोरी, बुवांची काळी चार हुती. उभ्या जन्मात कुणासाठी उतरले न्हाईत ते."

"उतरले," मी म्हणाले. "माझ्यासाठी उतरले."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या तीन तारांकडे. आणि बोट डावीकडे सरकवलं.