शुक्रवारचा आकडा

गुरुवारी दुपारी चार वाजता आमच्या पक्षी-प्रोजेक्टच्या प्रमुखांनी, कामत सरांनी, पुण्याहून फोन करून सांगितलं, की सात नंबरची फाइल बंद करा.

सात नंबर म्हणजे ठिपक्यांचा मोठा गरुड. हे पक्षी थंडीत उत्तरेकडून येतात आणि भिवंडीच्या खाडीकाठी मुक्काम करतात. आम्ही डिसेंबरात त्याच्या पाठीवर टॅग बसवला होता. टॅग म्हणजे सौरऊर्जेवर चालणारी काडेपेटीएवढी डबी. ती दोन गोष्टी कळवते: पक्षी कुठे आहे आणि तासाभरात किती हलला. हलण्याचा आकडा येतो. उडताना तो शेकड्यांत जातो, झोपेत शून्याजवळ येतो. त्या हिवाळ्यात टॅग चालू असलेला तो आमचा एकच गरुड होता.

बुधवारी सकाळी त्याचं शेवटचं ठिकाण आलं, भिवंडीतल्या टेमघरचं. त्यानंतर बॅटरी उतरली आणि ठिकाण येणं थांबलं, कारण त्याला वीज जास्त लागते. हलण्याचा आकडा मात्र येत राहिला. दिवसा चाळीस, रात्री चाळीस, पहाटे एकेचाळीस.

सरांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. जिवंत पक्षी चोवीस तास सारखा हलत नाही. टॅग गळून एखाद्या मशीनजवळ पडला असणार. हरवलेल्या टॅगसाठी वनखात्याची बचाव टीम येत नाही, आणि यावी असंही नाही. पण गरुड कुठे अडकला असेल, तर पाण्याशिवाय तो रविवार बघणार नव्हता.

मी टेमघरलाच राहते. माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना आहे.

"सर, माझ्या मांडणीतली भांडीसुद्धा चोवीस तास सारखीच हलतात," मी म्हटलं.

"मग?"

"उद्या शुक्रवार आहे. उद्या ती हलत नाहीत."

भिवंडीत लूम शुक्रवारी बंद असतात, हे त्यांना पुण्यात बसून माहीत असायचं कारण नव्हतं. मी समजावलं. टॅग एखाद्या कारखान्याच्या छपरावर असेल, तर चाळीस हा आकडा लूमचा आहे. लूम थांबले की उरेल तो गरुडाचा. सरांनी शुक्रवारी दहापर्यंत मुदत दिली. मी यादीत तीन ओळी लिहिल्या: शून्य आलं तर फाइल बंद. काहीही दुसरं आलं तर बचाव टीमला फोन. पाणी आणि जुनी चादर गाडीत ठेवणे.

शुक्रवारी आठ वाजता आकडा आला, शून्य. नऊ वाजता शून्य. सरांचा मेसेज आला, "बघा." दहा वाजता आकडा आला, अकरा.

वनखात्याची दोन माणसं ठाण्याहून निघाली. मी पुढे जाऊन शेवटच्या ठिकाणाजवळच्या कारखान्यांच्या गल्लीत उभी राहिले. एरवी तिथे शेजारच्याशी बोलायचं तर कानात ओरडावं लागतं. त्या दिवशी चप्पल वाजलेली ऐकू येत होती. तिसऱ्या कारखान्याच्या पत्र्यावर काहीतरी खरवडल्यासारखं वाजलं. थांबलं. परत वाजलं.

कारखान्याचे मालक शकीलभाई पांढरा कुर्ता घालून जुम्याच्या नमाजासाठी निघायच्या तयारीत होते. मी सगळं सांगितलं.

"आमच्या पत्र्यावर गरुड?" ते म्हणाले. "मॅडम, हिते कबुतर टिकत न्हाय."

तरी शिडी त्यांनीच लावली. टीम आल्यावर तिला एकटं वर सोडायलाही ते तयार होईनात. पत्रे सिमेंटचे होते, मधे पाय पडला की माणूस थेट लूमवर. खिळ्यांच्या रेषेवरून कसं चालायचं ते त्यांनी पुढे होऊन दाखवलं. मी शिडीच्या वरच्या पायरीवर थांबले.

गरुड कडेला पडला होता. वाऱ्याने उडून छपरावर साचलेलं टाकाऊ सूत त्याच्या पायांना आणि एका पंखाला गुंडाळलं गेलं होतं. दुसरं टोक लोखंडी हुकात अडकलं होतं. तो पंख टॅगवर आडवा आल्याने चार्जिंग बंद पडलं होतं. टीममधल्या एकाने माझी चादर त्याच्या डोक्यावर टाकून त्याला धरलं. दुसऱ्याने पायाचं सूत ओढायला सुरुवात केली.

"वढू नको," शकीलभाई म्हणाले. "पॉलिस्टर हाय. वढलास तर पाय कापंल. आधी टोक शोध."

मग त्यांनी त्याला बाजूला केलं, बाह्या सरसावल्या आणि स्वतः बसले. लूमवर तुटलेला धागा शोधणारी बोटं होती ती. एक टोक सापडलं, खिशातल्या कात्रीने हुकातलं सूत कापलं, मग दुसरं टोक. पाऊण तास गेला. एक पीस मोडलं नाही. खाली उतरले तेव्हा कुर्त्यावर गरुडाची शीट होती आणि नमाजाला वीस मिनिटं उरली होती. ते कपडे बदलायला धावत घरी गेले.

गरुडाच्या पायाला वरवरची जखम होती. वनखात्याच्या डॉक्टरांनी पाच दिवस ठेवून घेतला. सहाव्या दिवशी खाडीकाठी खोका उघडला, तेव्हा शकीलभाई धुतलेल्या कुर्त्यात हजर होते. गरुड आमच्याकडे न बघता उठला, दोन घिरट्या घेतल्या आणि पाण्यापलीकडे गेला. त्या तासाचा आकडा होता सहाशे बारा. कामत सरांना मी तेवढाच पाठवला.

मार्चअखेर सात नंबर राजस्थान ओलांडून गेला. शकीलभाईंनी नकाशाची प्रिंट मागून घेतली आणि कारखान्याच्या ऑफिसात शिफ्टच्या वेळापत्रकाशेजारी लावली. आता छपरावरचं सूत दर शुक्रवारी झाडलं जातं.

आमच्या प्रोजेक्टच्या चेकलिस्टमध्ये तेव्हापासून एक ओळ जास्त आहे. "फाइल बंद करण्याआधी, पक्ष्याखाली काय चालतं आणि ते कोणत्या वारी बंद असतं, हे विचारणे." ती ओळ कामत सरांनी स्वतः टाइप केली. स्पेलिंगच्या दोन चुका होत्या, त्या मी दुरुस्त केल्या.