प्रोफाइलचं नाव कवठेकर

फसलेला माणूस आपणहून काही सांगत नाही. पण कवठे महांकाळच्या माझ्या मोबाइल दुकानात चहा आला, की एकाचं ऐकून दुसरा सुरू होतो. त्यातले निम्मे किस्से दिलीपचेच निघतात. दिलीप माझा शाळेपासूनचा मित्र. माझ्याच दुकानात खुर्ची टाकून तो ॲपवर अनोळखी लोकांना क्रिप्टो कॉइन विकायचा. समोरच्याचे पैसे बँकेत आले की हा कॉइन सोडायचा, आणि मग दोघांनी एकमेकांना शेरा द्यायचा. तिथं माणसाची पत म्हणजे हे शेरे.

*

दिलीपचं सगळं घराणं गलाईवालं, म्हणजे परमुलखात जाऊन सोनं-चांदी गाळणारं. परक्या शहरात माणूस पारखायची त्यांची रीत ठरलेली. आधी गाव विचारायचं, मग मामाचं गाव विचारायचं. ओळख निघाली की विषय संपला. दिलीपनं ॲपवरही तेच चालवलं. प्रोफाइलला नाव दिलं कवठेकर, आणि पंजाबातल्या पहिल्याच गिऱ्हाइकाला चॅटवर मामाचं गाव विचारलं. तिकडून उत्तर आलं, "भाई, कॉइन चाहिए या रिश्ता करना है?"

*

एकानं चुकून दोनदा पैसे पाठवले. दिलीपनं त्याच दिवशी परत केले. त्या गिऱ्हाइकानं शेरा दिला, 'बहुत ईमानदार आदमी'. दिलीपनं त्याची प्रिंट काढून लॅमिनेट केली आणि माझ्या दुकानात लावली. पावण्यारावळ्यांना फोनवर फोटो पाठवले ते वेगळेच. त्याची बायको सुनंदावहिनी डबा घेऊन आल्या, भिंतीवरचं वाचलं आणि म्हणाल्या, "आता इलेक्शनला उभं ऱ्हायचं हाय व्हय?"

आम्ही हसलो. पण खरं सांगतो, मला त्याचा हेवा वाटला होता.

*

मग एक गिऱ्हाईक असं आलं, की त्याचे शेरे दिलीपपेक्षाही सरस. दिलीपनं मामाचं गावसुद्धा विचारलं नाही, कॉइन सोडून दिले. चार दिवसांनी बँकेनं दिलीपचं खातं गोठवलं. गिऱ्हाइकानं भरलेले पैसे परराज्यातल्या एका रिटायर नर्सबाईंना फसवून काढलेले होते.

पोलिसांचा फोन आला. दिलीप घाबरून त्यांना आपले शेरे वाचून दाखवायला लागला, एकामागून एक. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाईंना वाचून दाखवू का हे?"

*

धंदा बसला. तेवढ्यात कुणीतरी मेसेज केला, प्रोफाइल विकत घेतो, ॲपसाठी घेतलेल्या सिमकार्डासकट, फक्त नाव बदलू नका. दिलीप कचरत होता. मीच म्हणालो, देऊन टाक, तुला आता काय उपयोग त्याचा? हे मी बोललो, त्यानं देऊन टाकलं, आणि ते मला अजून बोचतं.

*

महिन्याभरानं मदुराईहून दिलीपच्या मामाचा फोन आला. मामांचं तिकडं गलाईचं दुकान आहे. दिलीपचे हात चहानं चिकट झालेले, म्हणून स्पीकर लावला. मामा खुशीत होते.

"दिल्या, त्या कवठेकरवर मेसेज केला तर लगीच उत्तर दिलंस की रं. व्यवहार ॲपच्या बाहेरनं करू म्हनलास, केला. हितल्या पोरांस्नी मी सांगितलं, तिथं भामटी लय हायती, पर आपला मानूस बसलाय. चौघांनी मिळून पैसं धाडल्यात बघ तुझ्याकडं."

दिलीपनं चहाचा कप खाली ठेवला. मी फोनकडं बघत राहिलो.

"ऐकतोयस न्हवं? बाकीची बी इचारत्यात," मामा म्हणाले. "देऊ का त्यांस्नी तुझं नाव?"