तांदळातलं नाव

लेकीनं लग्न ठरल्याचं सांगितलं तेव्हा माझ्या नवऱ्यानं पहिला प्रश्न विचारला, "आडनाव काय?" मुलगा आम्हाला ठाऊक होता. थँक्सगिव्हिंगला तो आमच्याकडे जेवून गेला होता, वरण-भात हातानं खायचा प्रयत्नही करून झाला होता. पण आडनाव कधी नीट कानावर पडलं नव्हतं. लेकीनं ते सांगितलं. आधी व्हॅन आणि मग एक शब्द, जो आम्हा दोघांच्या जिभेवर काही बसेना.

"डच आहे," ती म्हणाली. "व्हॅन मीन्स फ्रॉम. पुढे गावाचं नाव."

नवरा एकदम खूश झाला. "म्हणजे आपल्यासारखेच की. करच झाला तो."

आमचं आडनावही गावावरून आलेलं, शेवटी कर लागणारं. ते गाव साताऱ्याकडे कुठेतरी आहे असं म्हणतात. नवऱ्यानं ते पाहिलेलं नाही, त्याच्या वडिलांनीही पाहिलं नव्हतं. तरी कुणी विचारलं की तो छाती पुढे काढून "आम्ही मूळचे तिकडचे" असं सांगतो. इथे अमेरिकेत, रेडमंडमध्ये राहून आयुष्य गेलं, पण मूळचे आपण तिकडचेच.

मला मात्र त्या दिवसापासून चैन पडेना. कारण त्याच बैठकीत लेकीनं आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक, ती त्याचं आडनाव लावणार होती. दुसरी, लग्नात तिला "ती राइसवाली सेरेमनी" हवी होती. कन्यादान नको, मंगळसूत्र बघू, मामानं उचलून आणायचं वगैरे तर बिलकूल नको, पण तांदळात नाव लिहिणं मात्र हवं. आमच्या अल्बममध्ये तिनं तो फोटो लहानपणापासून पाहिला होता.

"ते नको," मी म्हणाले.

"का?"

"तांदूळ वाया जातो."

"आई, तुम्ही लोकांच्या डोक्यावर राइस फेकता."

मी उठून ओटा पुसायला लागले.

त्या फोटोत काय चाललं आहे ते मलाच ठाऊक. माझं माहेर अमरावतीचं, सासर पुण्याचं. लग्नात लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात माझं नवं नाव लिहिलं. आडनाव बदलणार हे मी धरूनच चालले होते. पण सासूबाईंना माझं पहिलं नावही चालणार नव्हतं. त्यांच्या नणंदेचं नाव तेच होतं आणि त्या दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. घरात ते नाव आणखी एकदा ऐकायची त्यांची तयारी नव्हती. नवं नाव ठरवताना मला कुणी विचारलं नाही. ते तांदळात उमटलं, कुणीतरी मोठ्यानं पुकारलं, आणि मी ढिम्म बसून राहिले, कारण मला हाक मारताहेत हे मला कळलंच नाही. बायका हसायला लागल्या. मामेसासूबाईंनी कोपराला चिमटा काढला. "अगं, ओ दे." मी ओ दिली. तेवढ्यात फोटो काढला गेला, म्हणून त्यात माझं तोंड उघडं आहे. लेकीला वाटतं मी हसते आहे.

पुढे इथे आलो, लेक झाली. इथे हॉस्पिटलमधून निघण्याआधीच बाळाचं नाव विचारतात, बाराव्या दिवसापर्यंत कुणी थांबत नाही. नवरा गाडी आणायला गेला होता. नर्सनं विचारलं आणि मी माझं जुनं नाव सांगून टाकलं. तसंही ते रिकामंच पडलं होतं. गाडी घेऊन आलेल्या नवऱ्यानं ते ऐकलं, त्याचे डोळे भरून आले, आणि तो म्हणाला, "आत्याचं नाव ठेवलंस." आत्या म्हणजे तीच, सासूबाईंची नणंद. त्यानंतर तो सगळ्यांना हेच सांगत आला. सासूबाईंनी फोनवर फक्त बाळाचं वजन विचारलं. माझं नाव एकेकाळी तेच होतं हे नवऱ्याच्या डोक्यातून साफ गेलं होतं, आणि मीही तो विषय काढला नाही. विसरलेल्या माणसाला आपलं नाव काय म्हणून आठवून द्यायचं, असा माझा ताठा होता. भाऊ तेवढा अमरावतीहून फोन केला की मला जुन्या नावानं हाक मारायचा. तो गेला, तेव्हापासून ते नाव फक्त लेकीचं.

म्हणजे इतकी वर्षं मी माझंच नाव घेऊन हाका मारत आले. जेवायला ये, मोजे उचल, फोन ठेव. आणि आता त्या नावासमोर पुन्हा एकदा तांदळाचं ताट येणार होतं. लेकीचं पहिलं नाव कुणी बदलणार नव्हतं, एवढं मला कळत होतं. पण ताट पुढे आलं की नाव जातं, असं माझ्या मनानं घेतलं होतं. शिकल्यासवरल्या बाईनं असं बोलू नये, पण घेतलं होतं खरं.

मी स्वस्थ बसू शकत नव्हते. डब्यांची मांडणी बदलली, परत पहिल्यासारखी केली. पावसात तळ्याला फेऱ्या घातल्या. भारतीय दुकानात तांदूळ आणायला गेले आणि लाल मिरच्या घेऊन आले. मुलगी देताना गाव बघतात, म्हणून फोनवर जावयाच्या आडनावाचं गाव शोधलं, तर हॉलंडमध्ये त्याच नावाची दोन गावं निघाली. एक उत्तरेला, एक समुद्राजवळ. दोन्हीकडे सपाट जमीन, चर्च आणि पाण्याच्या कडेला सायकली. यातलं त्यांचं कुठलं, असं मी लेकीला विचारलं. ती म्हणाली, "आई, तू आपल्या कर-वाल्या गावाला कधी गेलीस?"

ते खरंच होतं. पण मला राग आला.

मग व्याह्यांचं बोलावणं आलं. ते राहतात इथून दोन तास उत्तरेला, कॅनडाच्या सीमेजवळ. दुधाचा धंदा आहे, आता थोरला मुलगा बघतो. गावाच्या मुख्य रस्त्यावर शोभेची पवनचक्की, पत्रपेट्यांवर एकामागून एक व्हॅनवाली आडनावं, आणि रविवार म्हणून सगळी दुकानं बंद. जमिनीला शेणाचा वास होता. मला तो फार बरा वाटला, पण तसं कुणाला सांगितलं नाही.

चहा झाला आणि माझ्या नवऱ्यानं व्याह्यांना इंग्रजीत विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?" लेकीनं डोळे मिटून घेतले. इथे जन्मलेल्या माणसाला असं विचारत नाहीत, हे तिनं आम्हाला गाडीत बजावलं होतं. पण व्याही खुर्चीत पुढे सरकून बसले. त्यांच्यातही हेच चालतं म्हणाले. दोन डच माणसं भेटली की तू कुणाचा, तुझी आजी कुठल्या चर्चची, मिशिगनचे ते तुमचे कोण, असं करत करत नातं लागेपर्यंत सोडत नाहीत. त्याला ते डच बिंगो म्हणतात. नवऱ्यानं मांडीवर थाप मारली. आपल्याकडे तर लग्नाच्या पंगतीत दुसरं काही चालतच नाही.

दोघांची गट्टी जमली. व्याही त्याला मागच्या खोलीत घेऊन गेले, पाठोपाठ आम्हीही गेलो. तिथली एक भिंत फ्रेम केलेल्या चित्रांनी आणि कात्रणांनी भरली होती. सगळे त्याच आडनावाचे. गाई रंगवणारा एक जुना चित्रकार, बर्फावर स्केटिंग करणारा, मिशाळ सेनापती, बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा पिचर, चष्मा लावलेली एक शास्त्रज्ञ बाई. लायब्ररीत आणि इंटरनेटवर शोधून त्यांनी ते जमवले होते.

"हे तुमचे कोण?" नवऱ्यानं चित्रकाराकडे बोट केलं.

"कुणी नाहीत."

"आणि हा पिचर?"

"काही नातं नाही. फक्त आडनाव एक."

नवरा चाटच पडला. आमच्या आडनावाचा एक क्रिकेटर होऊन गेला, तर आम्ही तो लांबचा भाऊ असल्याचं इतक्यांदा सांगितलंय की आता आम्हालाच खरं वाटतं. आणि हा माणूस भिंत भरून माणसं लावतो आणि एकालाही आपलं म्हणत नाही. मग मी माझं घोडं पुढे दामटलं आणि विचारलं, दोन गावांपैकी तुमचं कुठलं? व्याह्यांनी डोकं खाजवलं. "आजोबांना ठाऊक होतं. विचारायचं राहून गेलं."

झालं. म्हणजे आडनाव त्यांचं, आणि गाव त्यांनाही ठाऊक नाही.

तेवढ्यात मागून विहीणबाईंचा आवाज आला. "ती शास्त्रज्ञ आहे ना, ती या नावाची नाहीच मुळी. तिनं लग्नानंतर लावलं ते. भिंतीवर एकच बाई, तीही उसनी." असं म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या. व्याही हसले, पण जरा कमी.

जेवणं झाल्यावर विहीणबाई भांडी धूत होत्या, मी पुसत होते, लेक ती कपाटात लावत होती. विहीणबाईंचं माहेरचं आडनावही व्हॅनवालंच. त्यांचं गाव मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं, त्या एकदा जाऊनही आल्या होत्या. तिथे दफनभूमीत आपलं जुनं आडनाव पाहून त्यांना रडू आलं आणि सोबतच्या नवऱ्याला वाटलं थंडी बाधली. त्यांनी हे इतक्या सरळ सांगितलं की मला हसू आलं, त्याही हसल्या. मग त्यांनी विचारलं, "आणि तू? आधी तू कोण होतीस?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. आधी आडनाव, आणि मग, ते वेगळं का ठेवायचं असं वाटून, पहिलं नावही.

विहीणबाईंनी ते म्हणून पाहिलं आणि त्या थांबल्या. कपाटाचं दार उघडंच राहिलं.

"आई," लेक म्हणाली. "दॅट्स माय नेम."

"हो."

"मी आत्याआजीच्या नावावरून ना?"

"बाबा तसं सांगतात."

मी ताटली पुसतच होते, ती केव्हाच कोरडी झाली होती.

परतताना गाडीत बसल्या बसल्या लेकीनं माझं जुनं नाव बाबांना सांगून टाकलं. पाऊस लागला होता. लेक मागच्या सीटवरून म्हणाली, "मला का नाही सांगितलंस?" मी म्हणाले, त्यात सांगण्यासारखं काय. नवऱ्याचा एक्झिट चुकला. पुढून वळून परत हायवेला लागल्यावर तो समोर बघत म्हणाला, "मी लिहिलं होतं ना तांदळात. मला वाटलं तुला आवडलंय." मला त्याला बरंच काही ऐकवायचं होतं. वर्षानुवर्षं मनात तयार करून ठेवलेलं. पण त्याचा आवाज असा काही झाला होता की मी वायपरचा वेग वाढव एवढंच म्हणाले.

त्या आठवड्यात लेकीनं फोन केला. "राइस कॅन्सल करू?"

मी खिडकीपाशी उभी होते, तिथून दारापर्यंत गेले, परत आले. "नको," म्हणाले. "पण ताट मी मांडणार."

"आडनाव मी त्याचंच लावणारे, आई. सांगून ठेवते."

"लाव. त्याचं गाव त्याला ठाऊक नाही, आपलं आपल्याला नाही. कुठलंही लाव."

हे बोलून गेल्यावर मला कळलं की आडनावावर माझा राग कधी नव्हताच.

लग्न एका कम्युनिटी सेंटरमध्ये झालं. गुरुजी म्हणजे एक तरुण मुलगा, आठवडाभर सॉफ्टवेअरची नोकरी आणि शनिवारी लग्नं. "काकू, अंगठी रेडी ठेवा हं," तो मला दोनदा सांगून गेला. मी आंबेमोहर ताटात ओतला, हातानं सारखा केला, मनासारखा होईना म्हणून पुन्हा केला. जावयानं घरी ट्रेमध्ये मीठ पसरून देवनागरीचा सराव केला होता म्हणे. तो मांडी घालून बसला, ते त्याला फारसं जमत नव्हतं, आणि अंगठी धरून लिहायला लागला. अक्षरं वाकडी होती, पण वाचता येत होती. गुरुजींनी विचारलं, पुढे आडनाव लिहायचं का? जावयानं ताटाकडे पाहिलं आणि म्हणाला, माझं मावणार नाही. लेक म्हणाली, "एवढंच ठेवा."

मी वाकून पाहिलं. भरल्या ताटात माझं नाव होतं. लेकीचं नाव होतं. खूप वर्षांपूर्वी जे लिहिलं जायला हवं होतं ते नाव होतं. विहीणबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या, त्यांना वाचता येत नव्हतं, पण काय लिहिलंय ते ठाऊक होतं. नवरा पेढ्यांचं तबक धरून समोर उभा होता आणि माझ्याकडे बघायचं टाळत होता.

गुरुजींनी ताटातून वाचून ते नाव मोठ्यानं पुकारलं. लेक तेव्हा खाली वाकून निऱ्या सावरत होती, तिचं लक्ष नव्हतं.

"ओ," मी म्हणाले.

माणसं वळून बघायला लागली. यावेळी कुणाला चिमटा काढावा लागला नव्हता.