खोबरेलाचं बोट

मांडवीच्या खाऱ्या वाऱ्यात विळीला दोन दिवसांत गंज चढतो. हेमाताईंनी मात्र चाळीस वर्षांत घरातल्या एकाही पात्याला गंज लागू दिला नव्हता. पुसायचं आणि वरून खोबरेलाचं बोट फिरवायचं. सून ऋजुता कामासाठी चिपळूणला गेली, तेव्हा त्यांनी तिच्या कॉफीच्या दुकानातलं ग्राइंडर उघडलं, ब्रशने पाती झाडली आणि सवयीने तेल लावलं.

मग झाकणाच्या आतली चिठ्ठी दिसली. ‘तेल लावू नये. कॉफीला वास लागतो.’

 त्यांनी फडक्याने पाती पुसपुस पुसली, मूठमूठ बिया दळून टाकून दिल्या, तरी वास जाईना. “मेलं, कुणी सांगितलं होतं मला!” त्या स्वतःवरच करवादल्या. गाडीचा आवाज आला की त्या दाराशी जाऊन बघायच्या.

संध्याकाळी ऋजुता आली. तिने कॉफी केली, एक घोट घेतला आणि थांबली.

“मीच लावलं गं,” तिने विचारायच्या आधीच हेमाताई म्हणाल्या.

“आई, मीही समुद्राकाठचीच, वेळणेश्वरची,” ऋजुता म्हणाली. “पातं दिसलं की माझाही हात तेलाकडे जातो. ती चिठ्ठी मी स्वतःसाठी लिहिलीय.”