बाईच्या हातातलं साधन

डॉक्टरांनी ती वस्तू पेनाच्या टोकावर उचलली आणि बाकावर बसलेल्या बायकांना दाखवली.

"बघा, ही बाई नवऱ्याला शिकवायला निघाली! तुमच्या वस्तीत एक नवरा पुरत नाही वाटतं?"

बायका पदराआड हसल्या. कंपाउंडर तर मोठ्यानं हसला. मी मान खाली घालून उभी. मी एवढंच विचारलं होतं, असलं आणखी कुठं मिळंल का.

केडगावला पुणे रस्त्याच्या कडेला आमची बौद्धांची वस्ती. नवरा ट्रकवर ड्रायव्हर. पंधरा-पंधरा दिवस बाहेर. त्याच्या जोडीचा ड्रायव्हर एड्सनं वाळून वाळून गेला. मागोमाग त्याची बायको शांता. माझी मैत्रीण. तिच्या मयताला हात लावायला कुणी येईना. शेवटची आंघोळ मी घातली. अंगावर नुसती कातडी उरली होती.

तेव्हापासून नवरा घरी आला की मी रात्री घासलेली भांडी पुन्हा घासत बसायचे. एकदा निरोधचं नाव काढलं.

"मी काय रोगी हाय? का तुझंच कुटं काय हाय?" म्हणाला, आणि कानाखाली वाजवली.

वस्तीत एक ख्रिस्ती नर्स यायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. पुण्याच्या ट्रेनिंगहून तिनं बाईनं आत बसवायचा निरोध आणला. लांबट पिशवी, दोन्ही टोकांना कडी. बघूनच मला शरम वाटली.

"लाजू नको गं," मावशी म्हणाली. "ह्याला त्याची परवानगी लागत न्हाई. तीनच हायेत. जपून वापर."

दोन वेळा वापरले. तो प्यालेला, त्याला कळलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा मी न घाबरता पडून राहिले. मग मावशीची बदली खर्ड्याकडं झाली. उरलेला एक घेऊन मी दवाखान्यात गेले होते.

कंपाउंडरनं नवऱ्याला सांगितलं. भर दुपारी त्यानं मला केस धरून अंगणात ओढलं.

"धंदा करतीस व्हय?"

सासू दारात उभी होती. तिनं तोंड फिरवलं. त्यानं ती पिशवी फाडून गटारात टाकली. मग शांतपणे म्हणाला, "चल आत."

"न्हाई," मी म्हणाले. "आधी रगत तपासून ये."

पट्टा काढला. मारलं. मी पुन्हा तेच म्हणाले. पुन्हा मारलं. आवाज बसला तरी तेच म्हणत राहिले. शेजारची दारं लागली.

त्यानं रक्त कधीच तपासलं नाही. मला घराबाहेर काढलं. माहेरी भावजय म्हणाली, "नवऱ्याला नको म्हणनारी बाई आमाला नको."

आता मी कांद्याच्या वखारीत कांदे निवडते. बायका दबक्या आवाजात विचारतात, "ते खरंच असतं का गं? बाईच्या हातातलं?" असतं, म्हणते. पण माझ्याकडं द्यायला एकही नाही. त्या परत खाली बघून कांदे निवडायला लागतात. संध्याकाळी आपापल्या घरी जातात. मी बघत बसते.

माझं रक्त मीही तपासलेलं नाही. त्या दोन रात्री सोडल्या तर आधीची वर्षं सगळी निरोधाशिवायच गेली. शांता डोळ्यांसमोर येते नि पाय उचलत नाही.

येत्या सोमवारी सरकारी दवाखान्यात जाणार. आधी रक्त देणार. काय निघायचं ते निघू दे. मग तिथंच, सगळ्यांच्या देखत, वखारीतल्या बायकांसाठी ते साधन मागणार. नाव घेऊन मागणार. नाही म्हणाले तर मंगळवारी परत. हसले तर हसणाऱ्याच्या डोळ्यांत बघून मागणार.