ताटात उरलेलं

"उष्टं खायची सवय काही जात नाही तुम्हा लोकांची."

डॉक्टर हे माझ्या आईला बोलला. शेजारी दोन शिकाऊ डॉक्टर उभे होते. ते हसले.

आम्ही टेंभुर्णीच्या. भोकरदनच्या शाळेत मी शिकवते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले. वजनानं गुडघे गेले, साखर वाढली, तेव्हा याच डॉक्टरनं माझं पोट कापून लहान केलं होतं. वजन उतरलं. मंग परत चढायला लागलं. छातीत आग, घशाशी आंबट पाणी. दुसरं ऑपरेशन लागेल का, एवढंच विचारायला गेल्तो.

त्यानं आधी गाव विचारलं. मंग गल्ली. मी भीमनगर म्हणाले. तोवर पोटाला हातही लावला नव्हता.

"चोरून खात असशील. खरं सांग."

"न्हाई, सर."

तेव्हा आई मधी बोलली. हात जोडून. "साहेब, चतकोर भाकर जात न्हाई तिला. ताटात टाकती. ते उरलेलं रोज मीच खाती, म्हणून मला माहीत हाय."

आमच्याकडं अन्न फेकत न्हाईत. मोठ्या घरच्या लग्नात मांडवाबाहेर बसून, पंगत उठायची वाट बघत आई लहानाची मोठी झाली. लेकीच्या ताटातलं खाणं ही तिची माया. तीच तिनं पुरावा म्हणून पुढं केली. आणि त्यावर तो उष्ट्याचं तसं बोलला.

आईचे हात जोडलेलेच राह्यले. मी ते धरून खाली घेतले.

"माझ्या आईची माफी मागा."

"बाहेर पेशंट थांबलेत," तो म्हणाला.

दुसऱ्या दवाखान्यात दुर्बिणीनं तपासलं. पोटाचा वरचा भाग पहिल्या वेळी कापायचाच राहून गेल्ता. तो ताणला जाऊन त्याची पिशवी झाली होती. आंबट पाणी त्यानंच, वजनही त्यानंच, तिथले डॉक्टर म्हणाले. चूक त्याच्या हाताची. बोल लावला माझ्या तोंडाला.

आईला सगळं समजावलं. ती ऐकून घेते. पण त्या दिवसापासून माझ्या ताटाला हात लावत न्हाई. आपलं ताट घेऊन चुलीपाशी पाठ करून बसते. माझी उरलेली भाकर ताटातच वाळते.

दुसरं ऑपरेशन मी करणार. गल्ली न विचारणाऱ्याच्या हातून. त्याआधी तक्रार देणार. चुकलेल्या ऑपरेशनची, आणि त्या वाक्याची. वाक्य जसंच्या तसं. हसले त्या दोघांनाही साक्षीला बोलवा म्हणणार.

आई म्हणते, "जाऊ दे, बाई."

न्हाई, आई. हे जाऊ देणार न्हाई.