लिंबाजी सरांचं ‘फॉल’

लिंबाजी सर इंग्रजी शिकवत, तेव्हा मी शेजारच्या वर्गात गणित घेत असे. साल चौऱ्याहत्तर, पेडगावच्या अलीकडचं एक खेडं, पत्र्याची शाळा. सर त्यांच्या घरातले पहिले शिकलेले, पण नोकरी अजून तात्पुरती. तपासणीच्या साहेबांचा शेरा चांगला आला तर कायम, नाहीतर उन्हाळ्यात घरी.

प्रशिक्षणात त्यांना सांगितलं होतं, क्रियापद करून दाखवा. त्यांनी ते फारच मनावर घेतलं. ‘फॉल’ आलं की आधी लिंबाचं पान सोडायचे, मग खडू, मग स्वतःच! स्टुलावर चढून, "आय ॲम फॉलिंग" म्हणत खालच्या तरटपट्टीवर आडवे. पोरांनी जागेवर उभं राहून ओरडायचं, "सर इज फॉलिंग!" पडून झालं की, "सर हॅज फॉलन!" सर उठून टाळी वाजवेपर्यंत तेच म्हणत राहायचं, कुणी जागचं हलायचं नाही. हलला त्याला छडी.

त्यांची बायको धुरपताबाई मला म्हणायची, "बाई, तुमी तरी सांगा. अंग काळंनिळं झालंय. शिकवायलेत का कुस्ती खेळायलेत?"

मी सांगितलं. सर हसले. "बाई, पाठ केलेलं इसरतंय. डोळ्यानं बघितलेलं न्हाई इसरत."

फेब्रुवारीत तपासणी आली. सरांना तीन दिवसांचा ताप. मी म्हटलं, रजा टाका.

"आन् साहेब काय माझ्यासाठी परत येणार हायत?"

साहेब अनंतराव त्यांच्या वर्गात खुर्ची टाकून बसले. पलीकडून मला नेहमीचा कल्ला ऐकू आला, "सर इज फॉलिंग!" मग, "सर हॅज फॉलन!" मी फळ्यावर अपूर्णांक लिहीत राहिले. पुन्हा, "सर हॅज फॉलन!" पुन्हा. सातव्यांदा ऐकलं आणि माझा हात थांबला. हा माणूस इतका वेळ पडून का आहे?

धावत गेले. सर फळ्याखाली पालथे. स्टूल कोपऱ्यातच, तरटपट्टी अंथरलेलीच नव्हती. कपाळाचं रक्त फरशीवर आलेलं, आणि चाळीस पोरं ताठ उभी राहून, त्या रक्ताकडे बघत, एका सुरात इंग्रजी बोलत होती. साहेब मान डोलावत शेरा लिहीत होते!

"अहो, बेशुद्ध आहेत ते!" मी किंचाळले.

साहेब पांढरेफटक पडले. "मला वाटलं, शिकवायलेत…"

पाणी मारलं, तेव्हा सरांनी डोळे उघडले. मी पोरांवर ओरडले, "एकालाही पुढे यावंसं वाटलं नाही?"

पहिल्या रांगेतली हेमा रडत म्हणाली, "बाई, सरांनी टाळी न्हाई वाजवली."

आणि सर? पडल्यापडल्या पुटपुटले, "शाबास!"

तो शब्द मला रक्तापेक्षा जास्त झोंबला. मी साहेबांची वही ओढली. ‘अध्यापन जिवंत. मुलांची वाक्ये अचूक. कायम करावे.’

"खोडा हे," मी म्हटलं.

सरांनी हात जोडले. "बाई, पाया पडतो, राहू द्या. दोन लेकरं हायत मला."

मी वही परत दिली. सर पुढे कायम झाले. चुकलं माझं की बरोबर, देव जाणे.

त्या दिवशी साहेबांच्या जीपमधून सरांना परभणीला दवाखान्यात नेलं. जीप गेल्यावर मी वर्गात परतले, तर पोरं अजून उभीच. सरांची टाळी अजून वाजली नव्हती.